गेममधली तलवार आणि हातातली तलवार

प्रश्न असा आहे: व्हिडिओ गेममध्ये दिसणाऱ्या तलवारी, कुऱ्हाडी आणि हातोडे इतिहासात खरोखर वापरलेल्या शस्त्रांच्या कितपत जवळ जातात? त्यांची वजनं तशी असतात का, तलवारीने चिलखत कापलं जातं का, आणि सगळ्यात खरा गेम कुठला?

मी गेली सतरा वर्षं जुनी युरोपीय तलवारबाजी शिकते आहे आणि त्यातली अकरा वर्षं शिकवतेही आहे. आमचा आधार म्हणजे मध्ययुगीन उस्तादांनी मागे ठेवलेली सचित्र हस्तलिखितं आणि जुन्या शस्त्रांची मापं घेऊन बनवलेल्या प्रतिकृती. गेमही मी लहानपणापासून खेळते. दोन्हींवर जीव असल्यामुळे उत्तर जरा लांबेल.

थोडक्यात सांगायचं तर आकार पुष्कळदा जुळतो, वजन क्वचित जुळतं. समोरच्याचं शस्त्र अडवून धरून आपला वार पोचवणं हे शस्त्राचं मुख्य काम, आणि ते गेममध्ये जवळजवळ कुठेच नसतं.

वजनापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. माझ्याकडे नव्याने येणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा तलवार उचलताना एकच गोष्ट करतो. पाय रोवतो, खांदे ताठ करतो, श्वास धरतो आणि उचलतो. तलवार झटक्यासरशी वर येते, अणी पार छताकडे जाते आणि तो माझ्याकडे बघत राहतो. त्याच्या मनातली तलवार आठ-दहा किलोंची असते. हातातली असते सव्वा किलोची.

एका हाताने चालवायची मध्ययुगीन तलवार साधारण एक ते सव्वा किलोची असते. दोन्ही हातांनी धरायची 'लाँगसोर्ड' 1.2 ते 1.6 किलोंची. जपानी कताना किलो-सव्वा किलोच्या घरातच येते. माणसाच्या उंचीच्या आसपास जाणाऱ्या सोळाव्या शतकातल्या जर्मन 'त्स्वायहँडर' लढाईसाठी बनवलेल्या असतील, तर दोन ते साडेतीन किलो. त्याहून जड तलवारी संग्रहालयांत सापडतात, पण त्या बहुतेक मिरवणुकीत खांद्यावर धरून चालण्यासाठी केलेल्या. नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या फ्रीस संग्रहालयात पियर गेरलोफ्स डोनिया या बंडखोराची म्हणून सांगितली जाणारी तलवार आहे. ती सुमारे 213 सेंटिमीटर लांब आणि 6.6 किलोंची आहे, आणि लोक तिच्याकडे नवल म्हणून बघतात ते या वजनामुळेच.

आता गेमकडे वळू. 'डार्क सोल्स' (2011) मध्ये साध्या लाँगसोर्डचं वजन 3.0 आणि त्स्वायहँडरचं 10.0 दिलेलं आहे. एकक दिलेलं नाही, त्यामुळे किलो धरायचं कारण नाही. पण नुसतं प्रमाण बघा. गेममधली मोठी तलवार लहानीच्या तिपटीहून जड आहे, प्रत्यक्षात ती दुप्पट-सव्वादोनपट भरते. 'फायनल फँटसी सेव्हन' (1997) मधल्या क्लाउड या नायकाच्या 'बस्टर सोर्ड' या अवाढव्य तलवारीचा हिशेब मी एकदा वर्गात फळ्यावर मांडला होता. दीड मीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि फक्त एक सेंटिमीटर जाड अशी पोलादाची सपाट पाटी धरली, तरी 35 किलो होतात. चित्रात ती त्याहून जाडच दिसते.

पण काट्यावरचा आकडा ही निम्मीच गोष्ट झाली. त्या वजनाची वाटणी कशी केली आहे, यात तलवार बनवणाऱ्याचं खरं कसब असतं. एखादी चांगली प्रतिकृती मिळाली तर कॅलिपर घेऊन बसा. परजेजवळ, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या दांडीजवळ, पातं पाच-सहा मिलिमीटर जाड असतं. मध्यावर ते चारावर येतं. अणीच्या वीतभर अलीकडे दोन मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. वरून बघताना रुंदी निमुळती होताना दिसते, पण जाडीचं हे उतरणं डोळ्यांना दिसत नाही. ते मनगटाला कळतं. पात्यावरची उभी पन्हळही वजन उतरवण्यासाठीच असते. रक्त वाहून जावं म्हणून ती कोरलेली असते, ही निव्वळ दंतकथा आहे. मुठीच्या टोकाचा गोळा तोल मागे खेचतो आणि तलवार परजेपासून आठ ते पंधरा सेंटिमीटरवर बोटावर तोलून राहते.

याला इतकं महत्त्व का, ते एका साध्या हिशेबात कळेल. हातापासून 10 सेंटिमीटरवर असलेलं 100 ग्रॅम वजन फिरवायला जो त्रास पडतो, त्याच्या चौसष्टपट त्रास तेच वजन 80 सेंटिमीटरवर गेलं की पडतो, कारण अंतर आठपट झालं की फिरण्याला होणारा विरोध आठाच्या वर्गाने वाढतो. म्हणून अणीकडे चार-दोन मिलिमीटर जास्त ठेवलेली प्रतिकृती किलोभराची असूनही पहारीसारखी लागते, आणि दीड किलोची चांगली लाँगसोर्ड हातात आहे की नाही याचा विसर पडतो. गेममधल्या पात्यांच्या त्रिमितीय आकृत्या मी अनेकदा फिरवून पाहिल्या आहेत. बहुतेकांत परजेपासून अणीपर्यंत जाडी एकच असते. चित्रकाराने छायाचित्रं समोर ठेवून काम केलेलं असतं, आणि छायाचित्रात जाडी दिसत नाही.

हातोडे आणि कुऱ्हाडी यांच्या बाबतीत तर फारच बिघडलेलं असतं. घोडेस्वाराच्या लढाऊ हातोड्याचं तोंड जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं, मागे टोकदार चोच, आणि सगळं मिळून किलो-दीड किलो. लहान जागेवर सगळा जोर एकवटावा, म्हणून ते तोंड लहान ठेवलेलं असतं. गेममधल्या हातोड्याचं डोकं 30 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद-उंच धरलं, तर भरीव लोखंडात ते नव्वद किलोंच्या वर जातं. कुऱ्हाडीचंही तेच. डेन लोकांच्या दोन हाती कुऱ्हाडीचं पातं इतकं पातळ असायचं की धारेमागे जाडी दोनेक मिलिमीटर भरते आणि पुष्कळ डोकी किलोच्या आत येतात. लाकूड फोडणारी कुऱ्हाड पाचरीसारखी जाड लागते, कारण तिला ओंडका उकलायचा असतो. माणसाच्या अंगासाठी पातळ धार लागते. गेमवाल्यांनी लाकूडतोड्याची कुऱ्हाड मोठी करून योद्ध्याच्या हातात दिली आहे.

तरीही गेम बनवणाऱ्यांना मी आळशी म्हणणार नाही. त्यांची अडचण खरी आहे. पडद्यावरचा योद्धा बोटभर उंचीचा असतो. दोन मिलिमीटरचं पातं बाजूने बघितलं तर दिसणारच नाही. त्याहून मोठी अडचण वेळेची. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सरावलेल्या हातातली तलवार पवित्र्यातून सुटून समोरच्याच्या मनगटावर पोचायला तितकाही वेळ घेत नाही. गेममध्ये तसं केलं तर खेळणाऱ्याला अडवायची संधीच उरणार नाही. म्हणून वार मागे ओढून, खांद्यावरून फिरवून अर्ध्या-पाऊण सेकंदाचा करावा लागतो, आणि एवढा सावकाश वार पटावा म्हणून शस्त्र जड दाखवावं लागतं. प्रत्यक्षात आम्ही त्या पाव सेकंदावर मात करतो ती अंतर राखून. समोरच्याला पाऊल टाकल्याशिवाय माझ्यापर्यंत पोचताच येऊ नये इतक्या लांब उभं राहायचं, म्हणजे त्याचं पाऊल हीच मला मिळणारी सूचना ठरते.

चिलखताचं उत्तर सरळ आहे. तलवारीच्या धारेने पत्र्याचं चिलखत कापलं जात नाही. छातीवरचा पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा, पाणी दिलेला आणि वक्र. वार त्यावरून घसरतो आणि धारेलाच खाचा पडतात. कड्यांचं चिलखतही सरळ वाराला दाद देत नाही. इतकंच काय, लिननच्या पंधरा-वीस थरांचा घट्ट टाचलेला अंगरखाही आश्चर्य वाटावं इतके वार पचवतो. आम्ही चाचणीसाठी तसा एक तुकडा शिवून खांबावर गुंडाळला होता. धार लावलेल्या लाँगसोर्डचे सहा जोरदार वार झाल्यावर वरचे चार-पाच थर उघडले होते. मग एकाने अणी सरळ खुपसली, ती एका झटक्यात लाकडापर्यंत गेली.

चिलखतातल्या माणसाशी लढायची विद्याच वेगळी होती आणि ती हस्तलिखितांत तपशीलवार काढलेली आहे. डावा हात पात्याच्या मध्यावर धरून तलवारीचा आखूड भाला करायचा आणि अणी काखेत, मांडीच्या सांध्यात किंवा शिरस्त्राणाच्या फटीत शोधून घालायची. किंवा तलवार उलटी करून दोन्ही हातांनी पातं धरायचं आणि परज हातोड्यासारखी डोक्यात घालायची. या दुसऱ्या डावाचं जर्मन नाव 'मोर्डहाऊ', म्हणजे खुनी घाव. पातं हातात धरलं तर बोटं तुटत नाहीत का, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. धार घासत गेली की कापते. घट्ट मुठीत धरलेली, न सरकणारी धार कापत नाही. हे शिकायला आठवडे लागतात, पण जमतं. आणि हे काहीच जमलं नाही, तर माणसाला खाली पाडून वर बसायचं आणि खंजीर फटीत घालायचा.

गेममध्ये मात्र चिलखत म्हणजे होणारं नुकसान अमुक टक्के कमी. दहा वारांत मरणारा पंधरा वारांत मरतो, एवढाच फरक. चिलखत घातलेल्याच्या हालचालींवरही अन्याय होतो. पंधराव्या शतकातला पूर्ण पोशाख 20 ते 25 किलोंचा. तो सगळ्या अंगावर वाटलेला असतो आणि तो घालून पळता येतं, घोड्यावर चढता येतं, जमिनीवरून उठता येतं. त्रास वेगळाच होतो. 2011 मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं-पळवलं, तेव्हा लागणारी ऊर्जा सुमारे दुप्पट भरली. एक कारण म्हणजे पायांवरचं लोखंड, कारण प्रत्येक पावलाला ते उचलावं लागतं. झडप पाडलेल्या शिरस्त्राणात स्वतःचाच गरम श्वास तोंडावर येतो आणि दिसतं ते फटीतून. चार मिनिटांनी दम लागण्याआधी चीड यायला लागते. हे कुठल्या गेममध्ये आलं तर मला फार आवडेल.

भाल्याबद्दल थोडक्यात, पण पोटतिडकीने. जगभरातल्या बहुतेक सैन्यांचं मुख्य शस्त्र भाला होतं आणि तलवार कमरेला असलेला दुसरा आधार. नवख्याच्या हातात दोन मीटरचा भाला द्या आणि त्याच्यासमोर तीन-चार वर्षं तलवार शिकलेला उभा करा. तलवारवाला पुष्कळदा हरतो, कारण त्याला अणी ओलांडून आत शिरताच येत नाही. गेममध्ये हे खरं ठेवलं तर सगळे भालाच घेतील, म्हणून भाल्याची पोच कापतात, वेग कमी करतात, नुकसान घटवतात. माझ्या मते कुठल्याही एका शस्त्रावर गेमने केलेला सगळ्यात मोठा अन्याय हा आहे.

बाकीच्या चुका भराभर सांगते. पाठीवरच्या म्यानातून लांब तलवार निघत नाही, हात तेवढा वर पोचतच नाही. लाकडी किंवा चामडी म्यानातून ती बाहेर येताना 'श्शिंग' असा आवाज होत नाही. लांब दांड्याचा गवत कापायचा विळा, पातं आडवंच ठेवून, युरोपात रणांगणावर सहसा कोणी नेत नसे. पोलंडमध्ये 1794 साली रात्स्लावित्सेच्या लढाईत शेतकरी ज्यांनी लढले, त्या विळ्यांची पाती सरळ करून भाल्यासारखी बसवलेली होती. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (2020) घडतो 1274 साली. त्या काळचा सामुराई धार खाली ठेवून लटकवायची 'ताची' बाळगायचा. कमरपट्ट्यात धार वर करून खोचलेली कताना रुळली ती नंतरच्या शतकांत.

कट्यारीचं मला वाईट वाटतं. 'रॅग्नारोक ऑनलाइन'पासून कितीतरी गेममध्ये 'कटार' म्हणून मनगटाला बांधलेली, नखांसारखी जोडपाती दाखवतात. खऱ्या कट्यारीला दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडवी मूठ असते. ती मुठीत आवळली की पातं हाताच्या रेषेत सरळ पुढे येतं आणि सगळं अंग त्या ठोशामागे जातं. काही कट्यारींची अणी मुद्दाम जाड केलेली असते, चिलखताच्या कड्या फोडायला. इतकी विचारपूर्वक केलेली वस्तू आहे ती. दांडपट्टा तर गेममध्ये फारसा येतच नाही. त्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो आणि मनगट बांधलं जातं, त्यामुळे सगळं फिरणं खांद्यातून आणि कमरेतून होतं. अॅनिमेशन करणाऱ्याला ही किती वेगळी चाल मिळाली असती!

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसले.

दोन तलवारी एकमेकींना भिडतात तो क्षण गेममध्ये ठिणग्या उडवून संपतो. वार अडला की दोघं मागे सरकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या विद्येची सुरुवातच त्या क्षणी होते. तालमीत आम्ही त्याला 'बाइंड' म्हणतो. पातं पात्याला लागलं की समोरचा काय करणार, हे हाताला कळतं. तो जोर लावून दाबतो आहे की ढिला आहे? माझं पातं त्याच्या अणीकडच्या दुबळ्या अर्ध्यावर आहे की मुठीकडच्या बळकट अर्ध्यावर? तो दाबत असेल तर त्याचा जोर वाया घालवत मी दुसऱ्या बाजूने फिरते. तो ढिला असेल तर तिथूनच सरळ अणी घालते. जर्मन परंपरेत याला सरळ 'स्पर्श जाणणं' अशा अर्थाचा शब्द आहे. मी विद्यार्थ्यांना डोळे मिटून, नुसती पाती टेकवून उभं करते आणि समोरच्याने दाब बदलला की फक्त 'हो' म्हणायला सांगते. पहिल्या दिवशी ते अंदाज बांधतात. महिन्याभरात ओठ हलायच्या आत त्यांचं मनगट उत्तर देऊ लागतं. कंट्रोलर थरथरू शकतो, पण दाब परत देत नाही. त्यामुळे हा भाग गेममधून गळून पडणं मी समजू शकते.

लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये 1300 च्या सुमाराचं एक हस्तलिखित आहे, तलवार आणि लहान ढाल यांच्या लढाईचं. युरोपातलं आज उपलब्ध असलेलं हे सगळ्यात जुनं तलवारबाजीचं पुस्तक. त्यात एक धर्मगुरू शिष्याला शिकवतो आणि शेवटच्या पानांवर वालपुर्गिस नावाची एक बाई तलवार घेऊन उभी आहे. त्या पानावर मी पहिल्यांदा पोचले तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले होते. त्या पुस्तकाचं सगळं लक्ष बांधणाऱ्यावर आणि बांधलेल्यावर आहे: एक जण दुसऱ्याचं शस्त्र दाबून धरतो, दुसरा सुटायला बघतो. वार आहेत, पण ते त्यानंतर येतात.

हे का, ते समजलं की गेमची दुसरी चूक दिसते. गेममध्ये ज्याचा वार आधी लागतो त्याचा समोरच्यावर परिणाम होतो आणि समोरच्याचा सुरू झालेला वार तिथेच रद्द होतो. म्हणून गेम शिकवतो की वेगवान व्हा, आधी मारा. खऱ्या तलवारीने आधी मारलं तरी समोरच्याचं पातं हवेत थांबत नाही. त्याचा हात निघालेला असतो, तो येऊन आदळतो. दोघंही मरतात. नवख्यांच्या सरावात निम्म्याहून जास्त वेळा हेच होतं, म्हणून पुष्कळ स्पर्धांत वार खाल्लेल्यालाही लगेच उलटा वार करायची मुभा असते आणि तो लागला तर पहिल्याचे गुण कापतात. मारणं सोपं आहे. मारून स्वतः सुखरूप राहण्यासाठी शतकानुशतकं पुस्तकं लिहिली गेली.

इंग्लंडमधल्या टाउटनच्या 1461 च्या लढाईतल्या मृतांचा खड्डा 1996 मध्ये सापडला. त्यातल्या कवट्यांवर एकाच माणसाला झालेले अनेक घाव दिसतात. आजच्या स्वीडनमधल्या विस्बीच्या 1361 च्या लढाईतल्या मृतांच्या दफनांत नडग्यांवरच्या जखमा पुष्कळ. गेमचे बरेचसे वार छातीच्या उंचीवर, शरीर हा एकच ठोकळा असल्यासारखे लागतात. खरी शस्त्रं डोकं, हात आणि पाय शोधत होती.

मग सगळ्यात खरा गेम कुठला? 1403 च्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, घडणारा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (2018) पोशाखाच्या बाबतीत फार पुढे आहे. आत टाचलेलं कापड, वर कड्या, त्यावर पत्रा असे थर वेगवेगळे घालावे लागतात आणि पत्र्यावर गदा तलवारीपेक्षा खरोखर बरी चालते. त्यातला अचूक वेळेवर बसणारा एकच प्रतिडाव मात्र सगळं सोपं करून टाकतो. 'मोर्डहाऊ' (2019) मध्ये तलवार उलटी धरता येते, नावच त्या डावाचं आहे, पण तिथली अंगं भोवऱ्यासारखी फिरतात. 'बुशिडो ब्लेड' (1997) ने किती जीव उरला ते दाखवणारी आयुष्याची पट्टीच काढून टाकली होती. एका नेमक्या वाराने सामना संपायचा आणि पायावर लागलं तर माणूस गुडघ्यावर यायचा. तेवढं धाडस नंतर फार थोड्यांनी केलं.

माझी निवड 'हेलिश क्वार्ट'. सतराव्या शतकातल्या पोलंड-लिथुएनियातल्या द्वंद्वांवरचा हा गेम आहे. पाती खरोखर एकमेकांवर आदळून अडतात, एक वार पुरतो आणि दोघंही एकाच वेळी मरू शकतात. माझ्या दोन विद्यार्थिनी तो शेजारी बसून खेळायच्या. पहिल्या संध्याकाळी जवळपास प्रत्येक सामन्यात दोघी पडत होत्या, कारण दोघींना आधी मारायचं होतं. तिसऱ्या दिवशी त्यातली एक थांबायला लागली. समोरचीचा वार पात्यावर घ्यायची, तो अडलाय हे बघायची, मगच आपला सोडायची. पुढच्या तालमीत खरी तलवार हातात असताना तिने तेच केलं, मी वर्षभर ओरडून सांगत होते ते.